पायकसाहेबांचं पाकीट

शमुवेलभाऊ, तुमच्या घरचं पाकीट मी परत केलं. तुम्ही बजावून ठेवलं होतं, तरी केलं. तुम्हाला मातीत ठेवून अजून नीट आठवडाही झाला नाही, आणि आपला तो जुना वाद मी एकट्यानेच पुन्हा उकरून काढला आहे. दोष तुमचाही आहे. तुम्ही तो अर्धवट टाकून गेलात.

घडलं ते असं. तिसऱ्या दिवसाची प्रार्थना तुमच्या अंगणात झाली. चहा झाला, लोक चपला शोधायला लागले, तेव्हा तुमच्या विमलबाई आतून आल्या आणि त्यांनी माझ्यापुढे पांढरं पाकीट धरलं. दफनाच्या घरून पाळकाला काही पैसे द्यायचे ही आपल्या मंडळीची रीत, आणि ते घ्यायचे नाहीत ही माझी रीत. दोन्ही सगळ्यांना ठाऊक आहेत. मी हात जोडले आणि म्हणालो, "बाई, राहू द्या. भाऊ माझ्या घरचेच होते." मला वाटलं, तेवढाच त्यांना धीर येईल. त्यांनी पाकीट खाली केलं, माझ्याकडे न बघता "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या.

रविवारी त्या उपासनेला आल्या, पण तुमची नेहमीची जागा सोडून अगदी मागे बसल्या. आशीर्वाद झाल्यावर मी दारात उभा राहून सगळ्यांशी हात मिळवतो, तिथे त्या आल्याच नाहीत. बाजूच्या दाराने निघून गेल्या. त्या दाराने आपल्याकडे फक्त सतरंज्या आणि झाडू ये-जा करतात. आणि काल माझ्या बायकोच्या, प्रमिलाच्या कानावर आलं की बाई आता लोहाऱ्याला मुलीकडे राहणार आणि उपासनेलाही तिकडच्याच मंडळीत जाणार.

म्हणजे भाऊ, तुम्ही गेलात ते गेलात, आता तुमची बायकोही माझ्या मंडळीतून निघाली आहे, आणि कारण मला कळत नाही. पैसे घेतले म्हणून पाळकावर रुसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. घेतले नाहीत म्हणून रुसलेलं माणूस पहिल्यांदा पाहतो आहे. आता जाऊन ते पाकीट मागावं, तर नवरा गेलेल्या बाईच्या दारात पैशासाठी उभा राहिलेला पाळक म्हणून माझी काय शोभा होईल? आणि न मागावं, तर बाई जाते. हे तुम्हालाच विचारलं असतं. तुम्हाला उत्तर ठाऊक होतं, असं मला दोन दिवसांपासून वाटायला लागलं आहे.

तुम्ही कुठे जन्मलात, एसटीत कधी लागलात, ते मी लिहीत नाही. ते तुमच्या मुलीने पेपरात दिलं आहे. फोटोही चांगला आहे, फक्त त्यात तुम्ही हसता आहात, त्यामुळे मंडळीतल्या दोघांनी ओळखला नाही म्हणे. मला तुमच्याबद्दल वेगळंच काही शोधायचं आहे. पाळकाने मंडळीकडून पैसे घ्यावेत, हातात घ्यावेत, मान वर करून घ्यावेत, याबद्दल तुम्ही एवढे हट्टाला का पेटायचात? दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, याला दानधर्माची हौस आहे. तुम्हाला तसली काही हौस नव्हती. सुट्ट्या पैशांसाठी तुम्ही म्हाताऱ्या बाईलाही गाडीत थांबवून ठेवायचात.

आपली ओळख तशीच तर झाली. नगरकडून बदली होऊन मी इकडे आलो आणि यवतमाळहून बाभुळगावची गाडी धरली. बरोबर प्रमिला, दोन ट्रंका, आणि माझ्या गळ्यात पाळकाची पांढरी पट्टी. कुणीतरी प्रवासी तुम्हाला म्हणाला, "कंडक्टरसाहेब, हे तुमच्या चर्चवाले नवे साहेब दिसून राह्यले." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आमची दोन तिकिटं काढलीत, मग ट्रंकांचं वेगळं भाडं लावलंत, उरलेली चिल्लर माझ्या तळहातावर ठेवलीत, आणि हे सगळं झाल्यावर म्हणालात, "सलाम. मी शमुवेल. तुमच्याच मंडळीतला." आधी तिकीट, मग ओळख. प्रमिलाने पदर तोंडाला लावून हसू दाबलं. मला मात्र ते लागलं. नव्या पाळकाच्या ट्रंकांचं भाडं घेणारा मंडळीकर मी नगरला पाहिला नव्हता.

आणि पहिल्याच रविवारी तुम्ही मला 'पायकसाहेब' म्हणालात.

आता इकडे 'ळ'चा 'य' होतो, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, आणि पाळकाचा पायक. सगळी मंडळीच तसं म्हणते, पण मी सुधारायला गेलो तो नेमका तुम्हाला. चर्चच्या पायरीवर तुम्हाला म्हणालो, "भाऊ, पाळक म्हणा. ळ. पाळक म्हणजे सांभाळणारा. पायक म्हणजे चाकर, पायदळातला शिपाई." तुम्ही टोपी काढून डोकं खाजवलंत. थोडा विचार केलात. मग अगदी सरळ चेहऱ्याने विचारलंत, "मंग चुकलं काय त्यात?"

मी हा किस्सा नंतर कितीतरी जणांना हसून सांगितला. बोलीतली गंमत म्हणून. मग एका रविवारी शास्त्रपाठ वाचायची पाळी तुमची आली, तुम्ही चष्मा लावून पुलपिटावर उभे राहिलात, आणि मी ऐकत राहिलो. काळ, वेळ, मेंढपाळ, सगळे ळ स्वच्छ, शाळामास्तरासारखे. खाली उतरताना मला म्हणालात, "बराबर वाचलं ना, पायकसाहेब?" तेव्हापासून माझ्या डोक्यात हा किडा आहे. तुम्हाला ळ येत होता. मग पायक ही तुमची जीभ होती की तुमचं मत होतं? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही "कायले विचारता" म्हणून चालू पडला असतात, हेही खरं.

पण कोंबडीचं प्रकरण मात्र विचारलं होतं, आणि रागाने विचारलं होतं.

पहिल्या वर्षीचा कापणीचा सण. आमच्या नगरकडेही हा सण होतो, पण इकडचा थाट वेगळा. वेदीपुढे सोयाबीनची पोती, तुरीच्या शेंगांचे भारे, कापसाचा ढीग, कोहळी, अंड्यांची टोपली, आणि पाय बांधलेल्या चार-पाच कोंबड्या उपदेशाच्या मध्ये मध्ये बोलणाऱ्या. उपासना झाली की आवारात लिलाव. बाजारात दहाला मिळणारी वस्तू लोक शंभराला घेतात, पुन्हा दान करतात, पुन्हा तिचा लिलाव होतो. एकच अंडं तीन घरं फिरून आलेलं मी पाहिलं. प्रमिला मला हळूच म्हणाली, उद्या पाहुणे आहेत, एक कोंबडी घ्या. मी आपला साधेपणाने हात वर केला आणि बोली लावली, "शंभर."

आवार एकदम गप्प. मला वाटलं, बोली फार झाली. खरी गोष्ट वेगळीच होती. पाळकाच्या बोलीवर बोली लावायची नाही, हा इथला न सांगितलेला कायदा. पाळकाने हात वर केला की वस्तू त्याची झाली. म्हणून शहाणा पाळक लिलावात हातच वर करत नाही, आणि ही गोष्ट या मंडळीतल्या लहान पोरालाही ठाऊक होती. मला नव्हती. लिलाव पुकारणारा अवघडून म्हणाला, "शंभर एक वार. शंभर दोन वार." आणि मागून तुमचा तो गाडीतला आवाज आला, "एकशेवीस."

लोकांनी माना वळवल्या. विमलबाईंनी तुमच्या सदऱ्याला मागून धरलेलं मला दिसलं. मी तावात येऊन दीडशे म्हणालो. तुम्ही एकशेसत्तर. माझे कान तापले. मी दोनशे, तुम्ही अडीचशे. कोंबडी हडकुळी होती, भाऊ. मी पाचशे म्हणालो तेव्हा तुम्ही हात खाली घेतलात आणि समाधानाने इकडेतिकडे पाहिलंत. मग स्वतः पुढे येऊन, कोंबडी पायांना धरून माझ्या हातात दिलीत. "घ्या. आता झाली तुमची." त्या महिन्यात माझं मानधन अर्धंच आलं होतं, त्यातला हा केवढा लचका, हे तुम्हाला माहीत होतं. मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला माझा अपमानच करायचा होता का?" तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जसं मीच तुमचा अपमान केला. म्हणालात, "तुमाले शंभरात सोडलं असतं तं मंग अपमान झाला असता." आणि चालू पडलात.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाने मुद्दाम तुम्हा दोघांना जेवायला बोलावलं. तुम्ही आलात. रस्सा चाखून म्हणालात, "महाग हाय, पण चांगली हाय." मी न हसायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

पुढच्या वर्षी मी लिलावात मुकाट उभा होतो. तुम्ही कोपराने ढोसलंत. "काहून गप हा? कंजूष झाले का?" तेव्हा मी चिडून तुम्हाला हव्या असलेल्या कोहळ्यावर बोली लावली आणि तुम्हाला चांगलाच चढवला. मंडळी हसायला लागली. त्यानंतर माझ्यावर सगळेच बोली लावायला लागले, शाळेतल्या मुलीसुद्धा. या लिलावाच्या दिवशी मी जेवढा या लोकांचा असतो तेवढा वर्षभरात कधी नसतो. हे तुम्ही केलंत. ठरवून केलंत की वाकडेपणाने, ते देव जाणे. मी तुमचे आभार मानले नाहीत, कारण प्रत्येक वर्षी त्या दिवशी तुमच्यामुळे माझा खिसा रिकामा व्हायचा.

मग तो वार्षिक सभेतला वाद. इतिवृत्तात लिहिलं होतं, 'पाळकांचे मानधन'. तुम्ही उभे राहिलात. "मानधन कायले म्हणता? मान बी कमी देऊन राह्यलो, धन बी कमी देऊन राह्यलो. पगार म्हणा सीधा." मला ते अगदी जिव्हारी लागलं. मी म्हणालो की मी सेवक आहे, नोकर नाही, पगार हा शब्द मला नको. तुम्ही म्हणालात, "पगार म्हटलं तं मांगता येते. मानधन कसं मांगता?" सभेने मानधनच कायम ठेवलं. मला वाटलं, मी जिंकलो. त्यानंतर किती महिने ते मानधन उशिरा आलं आणि मी कुणालाच विचारू शकलो नाही, ते प्रमिलाला विचारा.

आणि करोनाचं वर्ष. चर्चला कुलूप, दानाची थैली फिरत नव्हती, थैली नाही तर मानधन नाही. मंडळीचीही कामं बंदच होती. तरी आमच्या ओट्यावर रोज कुणीतरी काहीतरी ठेवून जायचं. तुरीची डाळ, गहू, वांगी, कुणाच्या घरची चटणी. आवाज न करता ठेवायचे, की मला लाज वाटू नये. मी रोज देवाचे आभार मानायचो आणि उरलेलं पुढच्या घरी पोचवायचो. तुम्ही मात्र तोंडाला रुमाल बांधून यायचात, दाराची कडी वाजवायचात, मला बाहेर बोलवायचात आणि नोटा हातात द्यायचात. मी म्हणायचो, भाऊ, तुमचीच पेन्शन केवढी, डाळ आहे घरात. तुम्ही म्हणालात, "डाय देल्ली तं देनारा मोठा होते. पैसे देल्ले तं हिशोब बराबर राह्यते." मी विचारलं, देवाच्या घरी कसला हिशोब? तुम्ही रस्त्याकडे पाहिलंत. "मंग सांगतो कधी."

ते 'मंग' राहूनच गेलं.

यवतमाळच्या दवाखान्यात मी तुम्हाला शेवटचा भेटलो तेव्हाही तुम्ही हेच काढलंत. नाकाला नळी, आणि प्रार्थना झाल्यावर पहिलं वाक्य काय, तर "पायकसाहेब, माझ्या घरून पाकीट घेजा." मी म्हणालो, असलं काही बोलू नका, बरे होऊन घरी जाल. तुम्ही मान हलवलीत. "घेजा म्हणतो ना. तुमी कोनाचंच घेत नाई. लोकाईले तरास होते त्याचा." मी विचारलं, कसला त्रास? मी तर त्यांचा खर्च वाचवतो. तुम्ही हसलात, पेपरातल्या फोटोसारखं. "दम लागून राह्यला. उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलण्याच्या पलीकडे गेला होतात.

मी रडलो, भाऊ. तुमच्यासाठी रडलो आणि थोडासा त्या उत्तरासाठीही रडलो. असा शंकेखोर पाळक तुमच्या वाट्याला आला, त्याला काय करणार?

मी पाकिटं का घेत नाही, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, मीच दहा वेळा ऐकवलं. मरण आलेल्या घरून पैसे घ्यायला मन होत नाही. आधीच दवाखान्यात घर रिकामं झालेलं असतं. त्यांच्या दुःखावर माझी चूल पेटू नये. बोलायला हे किती चांगलं वाटतं बघा. काल रात्रीचं जेवण झाल्यावर हेच मी प्रमिलाला पुन्हा सांगत होतो. ती भांडी आवरत म्हणाली, "तुम्ही नको म्हणता, तेव्हा तुम्हाला कसं वाटतं?" मी म्हणालो, बरं वाटतं. ती म्हणाली, "आणि त्यांना?" मी म्हणालो, त्यांनाही बरंच वाटत असणार. ती म्हणाली, "विचारलंय का कुणाला?" मी उठून ताट मोरीत नेऊन ठेवलं. तिने पुढे काही म्हटलं नाही, ती तशी तुमच्यापेक्षा सभ्य आहे.

इथवर लिहून मी कागद मिटून ठेवले होते. आज दुपारी तुमच्या घरी जाऊन आलो, म्हणून पुढचं लिहितो आहे.

विमलबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. उठल्या, खुर्ची पुसून दिली, स्वतः दाराला धरून उभ्या राहिल्या. तुम्ही असतानाही मी आलो की त्या अशाच उभ्या असायच्या. मी वाटेत चार चांगली वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना. शेवटी म्हणालो, "बाई, माझं पाकीट राहिलं."

स्वतःचे शब्द माझ्याच कानांना इतके ओंगळ वाटले की उठून जावं असं वाटलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुमी तं घेत नसता."

"भाऊंनी घ्यायला सांगितलं होतं."

"त्याहीनं सांगितलं म्हणून आले का?"

इथे खोटं बोलायची सोय नव्हती. मी म्हणालो, "नाही. तुम्ही बाजूच्या दाराने गेलात म्हणून आलो."

त्या आत गेल्या. पाकीट घेऊन आल्या आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. मी दोन्ही हातांनी घेतलं. प्रार्थना करावी का, असा विचार करत होतो, तेवढ्यात त्यांनी समोरची बाज ओढली आणि माझ्यासमोर पाय सोडून नीट बसल्या. इतक्या वर्षांत तुमच्या घरी मी त्यांना माझ्यासमोर बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"आता बोलू का?" त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, बोला.

"तुमी उपदेशात त्याहीले लय गोड मानूस करून टाकलं. ते गोड होते का?"

"नव्हते."

"मंग कायले सांगितलं? लोकं मनात हासत असतीन. माझ्या मानसाले मीच वयखलं नाही त्यात."

मी मान खाली घातली. हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण त्यांचा आवाज चढत नव्हता, उतरत चालला होता. त्यांनी शेंगांची टोपली बाजूला सरकवली.

"अन् तुमी मले मूठमाती देऊ देल्ली नाही."

भाऊ, मला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. आपल्याकडे पेटी खाली गेली की पाळक घरच्यांना नाव घेऊन हाक मारतो, आधी लेकरं, शेवटी जोडीदार, आणि त्यांनी मूठभर माती टाकल्याशिवाय फावडं लागत नाही. मी मुलीला हाक मारली होती. जावयाला मारली होती. त्यानंतर माझा आवाज फुटला. सगळ्यांदेखत रडू येईल म्हणून मी घाईघाईने आशीर्वाद देऊन टाकला, आणि पुरुषांनी फावडी उचलली.

"मी फाटकापाशी निंबाखाली खुर्चीवर होती. गुडघे धरले होते. पन चपला काढून बसलती मी. तुमी हाक मारसान म्हणून. तं मले फावड्याचाच आवाज आला."

मी त्यांना खरं ते सांगितलं. आवाज फुटला, लाज वाटली, घाई केली. त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "रडाचं होतं मंग. कोन काय म्हणत होतं तुमाले?" आणि स्वतःच रडायला लागल्या. मीही रडलो. त्या दिवशी न रडलेलं सगळं तुमच्या बाजेसमोर रडलो.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "बाई, हे त्याच दिवशी का नाही बोललात? तिसऱ्या दिवशी तरी बोलायचं."

त्यांनी डोळे पुसले आणि मला एखाद्या अडाणी पोराला सांगावं तसं सांगितलं. "बोलनारच होती. म्हणून तं पाकीट आनलं होतं. तुमी घेतलंच नाही. फुकटात केलेल्या कामाले मंग नाव कसं ठेवू?"

बाभुळगावात, आसपासच्या खेड्यांत, मी पाकीट परत केलेली सगळी घरं माझ्या डोळ्यांपुढून गेली. किती जणांना माझ्याबद्दल काय बोलायचं असेल आणि ते हात जोडून "लय उपकार झाले साहेब" म्हणून गप्प राहिले असतील. मी त्यांचा खर्च वाचवत होतो आणि त्यांचं तोंड बंद करत होतो. हेच तुम्हाला सांगायचं होतं ना? की याहून वेगळं काही? तुमच्याकडून ऐकायला मिळालं असतं तर मी वाद घातला असता. तुमच्या बायकोपुढे वाद घालायला मला जागाच नव्हती.

मी म्हणालो, "बाई, चला माझ्याबरोबर." त्यांनी कुठे म्हणून विचारलं नाही. स्कूटरवर मागे बसवून हळूहळू त्यांना दफनभूमीत नेलं. तुमच्यावरची माती वरून वाळली होती. आम्ही दोघंच होतो. मी पुस्तक नेलं नव्हतं, पांढरी पट्टीही नव्हती. तुमच्या उशाशी उभा राहिलो आणि रीतीप्रमाणे मोठ्याने हाक मारली, "विमल, शमुवेल यांची पत्नी." माझा आवाज पुन्हा फुटला. या वेळी मी तो फुटू दिला.

बाईंनी चपला काढल्या. माझा हात धरून वाकल्या, बाजूची ओली माती खरवडली आणि मूठ तुमच्यावर सोडली. तुमच्याशी काहीतरी बोलल्या, ते मी ऐकलं नाही. मग पदराला हात पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

मी विचारलं, "लोहाऱ्याला जाताय म्हणे?"

"महिनाभर जाईन, लेकीकडं," त्या म्हणाल्या. "पन माझ्या टायमाले तुमीच पाह्यजे. अन् अशी घाई करू नका."

नाही करणार, म्हणालो.